हजेरीच्या वहीपासून केडीपर्यंत

रात्री जेवणं उरकली की माझा भाचा हेडफोन लावून खिडकीपाशी बसतो. बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळाच्या स्क्वाडला चौघं लागतात. तिघं ठरलेले असतात, चौथा कोण हा रोजचा प्रश्न. कोणीतरी अनोळखी मुलगा लॉबीत येतो. त्याचं नाव, गाव काही विचारायच्या आत प्रश्न जातो, "भाई, केडी किती?" पलीकडून उत्तर येतं, "एक पॉइंट चार." क्षणभर कोणी बोलत नाही. मग भाचा म्हणतो, "राहू दे मग. पुढच्या वेळी बघू." आणि तो मुलगा निघून जातो.

केडी म्हणजे स्वतः एकदा मरेपर्यंत समोरचे सरासरी किती टिपले, त्याचा आकडा. भाच्याच्या आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता. डेअरीवर दुधाचं फॅट विचारतात तितक्या सहजपणे त्याने विचारलं होतं. तो सहजपणाच मला लागला. माणसाला खेळात घेण्याआधी त्याचा आकडा विचारायचा, ही रीत आली कुठून? खेळणाऱ्यांच्या गटांनी एकमेकांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली ती कधी, आणि कशापायी? त्या वाटेने मागे जात राहिलं की एक गोष्ट हाती लागते आणि मला ती फार मोलाची वाटते. हा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तेव्हा गट खेळाडूचं काय देणं लागतो, हे त्यात लिहिलं जायचं. खेळाडू गटाच्या लायकीचा आहे का, हा प्रश्न त्या वहीत नव्हताच.

वाक्यांनी लढलेली लढाई

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. एकाच जगात अनेकांनी एकाच वेळी खेळायचं, ही कल्पना तिथून रुजली. चित्रं नव्हतीच, पडद्यावर फक्त मजकूर उमटायचा. खजिना शोधून दलदलीत नेऊन टाकला की गुण मिळायचे, आणि पुरेसे गुण साठले की खेळाडू 'विझर्ड' व्हायचा. गुण ज्याचे त्याचे होते. शेजारच्याने किती मिळवले याच्याशी आपलं काही अडत नसे.

पुढे कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' लिहिला. त्यात लढाईला जास्त महत्त्व होतं, आणि लढाई म्हणजे एकाखाली एक सरकत जाणारी वाक्यं. तू वार केलास, वार लागला, वार हुकला. याच घराण्यात १६ मार्च १९९९ रोजी 'एव्हरक्वेस्ट' जन्मला. आता डोंगर, दऱ्या, ऑर्क, ड्रॅगन सगळं डोळ्यांना दिसत होतं, पण वाक्यं गेली नव्हती. चित्राच्या खाली चौकटीत ती सरकतच होती: अमक्याने ऑर्कवर वार केला, ९ गुणांची इजा. एक छोटी आज्ञा दिली की खेळ ती सगळी वाक्यं, प्रत्येकीवर वेळेचा शिक्का मारून, संगणकावरच्या एका फाइलीत उतरवून ठेवायचा. पुढे इजा मोजणारे जे मीटर आले, त्या सगळ्यांचं मूळ या साध्या मजकुराच्या फाइलीत आहे.

पण मीटरच्या आधी रीतीभाती आल्या, आणि त्या गरजेतून आल्या. एव्हरक्वेस्टमध्ये मरण महाग होतं. मेलात की तुमचं सगळं सामान तुमच्या प्रेताबरोबर तिथेच पडायचं आणि उघड्या हातांनी परत जाऊन ते आणावं लागायचं. राक्षसांपासून पळणारा खेळाडू त्यांची रांग मागे ओढत त्या भागाच्या सीमेकडे धावला, तर वाटेत बसलेल्या निष्पाप लोकांवर ती रांग कोसळायची. म्हणून पळता पळता 'ट्रेन' असं ओरडून सगळ्यांना सावध करायचं, हा पहिला धडा. नव्या भागात शिरलात की आधी विचारायचं, कुठली जागा कोणी धरली आहे? धरलेल्या जागी घुसायचं नाही, नंबर लावायचा. दुसऱ्याने घायाळ केलेला राक्षस आपण मारून पळवायचा नाही. हे नियम आधी खेळाडूंनी तोंडी पाळले. कंपनीने ते कागदावर नंतर आणले.

ते पाळले जायचे, कारण प्रत्येकाला नाव होतं आणि नावाला पत होती. एका सर्व्हरवर रोज तीच माणसं भेटायची. लबाडी केलेल्याचं नाव दोन दिवसांत सगळीकडे व्हायचं आणि मग त्याला कोणी गटात घ्यायचं नाही. आपल्या गावच्या बाजारात उधारी जशी तोंडओळखीवर चालायची, तसाच हा व्यवहार होता.

ड्रॅगनची सावड

मोठ्या ड्रॅगनपुढे मात्र ही तोंडओळख अपुरी पडली. नागाफेन आणि व्हॉक्स हे एव्हरक्वेस्टमधले दोन ड्रॅगन. त्यांना मारायला पंचवीस-तीस, कधी त्याहून जास्त माणसं तासन् तास राबायची, आणि मेलेल्या ड्रॅगनकडून वस्तू निघायच्या दोन-चार. त्या कोणी घ्यायच्या? फासे टाकले तर काल पहिल्यांदा आलेला नेतो आणि चार महिने राबलेला हात हलवत परततो. प्रमुखाने ठरवलं तर वशिल्याची शंका येते. यातून कितीतरी गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे कायमचे गट, फुटल्या.

१९९९ मध्येच 'आफ्टरलाइफ' या गिल्डमध्ये थॉट या नावाने खेळणाऱ्याने यावर तोड काढली. ड्रॅगन मारायला जो येईल त्याच्या नावावर गुण लिहायचे. वस्तू निघाली की ते गुण खर्चून ती घ्यायची. याला नाव पडलं 'ड्रॅगन किल पॉइंट्स', थोडक्यात डीकेपी. ड्रॅगनखेरीज इतर शत्रूंसाठीही हीच पद्धत चालू लागली, आणि वेगळ्या खेळांत जिथे ड्रॅगनच नव्हते तिथेही नाव डीकेपीच राहिलं.

आपल्याकडे शेतात सावड असते. आज तुझ्या रानात माझे दोन हात, उद्या माझ्या रानात तुझे. कोणी किती दिवस आलं हे सगळ्यांच्या ध्यानात असतं आणि ते फेडायचं असतं. डीकेपी ही ड्रॅगनची सावड होती, फक्त ध्यानातला हिशेब वहीत आला. त्या वहीतला मुख्य रकाना हजेरीचा होता. तू आलास का, शेवटपर्यंत थांबलास का, एवढंच ती विचारायची. किती जोराने मारलंस, हे तिच्या गावीही नव्हतं. नवखा, हळू, चुकत शिकणारा, सगळ्यांची हजेरी सारख्याच मोलाची.

या वहीवर माणसांनी खूप विचार केला. कुठे वस्तूंचे भाव ठरलेले, कुठे लिलाव. शून्य बेरजेची एक सुंदर पद्धत निघाली: वस्तू घेणाऱ्याने जितके गुण मोजले, तितकेच हजर असलेल्या सगळ्यांमध्ये वाटायचे, म्हणजे गिल्डमधली एकूण बेरीज कधी फुगत नाही. आपली भिशी ज्या विश्वासावर चालते, तोच विश्वास इथे कधी न भेटलेल्या माणसांमध्ये गणिताने बांधला होता. २००९ मध्ये मानववंशशास्त्राच्या अभ्यासक क्रिस्टा-ली मलोन यांनी डीकेपीवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला, ते मला रास्तच वाटतं. अनोळखी लोकांनी वरून कोणी सांगितल्याशिवाय उभी केलेली ही न्यायाची पद्धत आहे.

पण वही हातात आली की तिचा दुसरा उपयोगही सुचतो. २३ नोव्हेंबर २००४ रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि डीकेपी तिथे पोचली. सुरुवातीच्या वर्षांतलं एक ध्वनिमुद्रण जगभर फिरलं. ऑनिक्सिया या ड्रॅगनिणीशी लढताना चूक झाली आणि गटाचा म्होरक्या संतापून ओरडतोय, त्या चुकीबद्दल पन्नास डीकेपी कापल्याचं सुनावतोय. लोक त्यावर हसले, अजून हसतात. मला त्यात वहीचं पान उलटताना ऐकू येतं. येणाऱ्याचे उपकार नोंदवायला मांडलेला रकाना दंड लिहायला वापरला गेला. गटाचं देणं होतं, ते खेळाडूचं देणं झालं.

रंगीत पट्ट्या

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आणखी एक दार उघडं होतं. पडद्यावरच्या चौकटी बदलणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे अ‍ॅडऑन, खेळाडू स्वतः लिहू शकत होते. एव्हरक्वेस्टच्या काळात खेळ संपल्यावर फाइल उघडून जी बेरीज करायला बसावं लागायचं, ती आता लढाई चालू असतानाच डोळ्यांसमोर होऊ लागली. हाच डॅमेज मीटर.

तो दिसतो कसा? पडद्याच्या कोपऱ्यात बोटभर चौकट. तिच्यात एकाखाली एक आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एका खेळाडूचं नाव. जादूगाराची पट्टी फिकट निळी, शिकाऱ्याची हिरवी, योद्ध्याची मातकट, पुरोहिताची पांढरी. वार होतील तशा पट्ट्या लांबतात, एकमेकींना ओलांडून वर चढतात. उजवीकडे दर सेकंदाला किती इजा केली तो आकडा, डीपीएस. शत्रू पडला की पट्ट्या जागच्या जागी थिजतात. मग कोणीतरी बटण दाबतो आणि सगळी यादी गटाच्या चॅटमध्ये ओळीने उतरते, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. शेवटचं नाव ज्याचं, तोही ती वाचत असतो.

मीटरचा खरा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं. काही शत्रू ठरावीक मिनिटांत पडले नाहीत तर बेभान होऊन सगळ्यांना संपवतात. २००६ मध्ये आलेल्या नॅक्सरामास या मोहिमेतला पॅचवर्क तसाच. तिथे गट कमी कुठे पडतोय हे मीटरशिवाय कळणं कठीण होतं. शस्त्र चुकीचं आहे की वारांचा क्रम, हेही त्यातून शिकता यायचं. कष्ट करून वर चढलेल्या कितीतरी अबोल खेळाडूंना न्याय मीटरनेच मिळवून दिला. वशिल्याने जागा अडवून बसलेल्यांना तो भीक घालत नव्हता.

तरी मीटरला जे दिसतं तेवढंच दिसतं. मोल्टन कोर या चाळीस जणांच्या मोहिमेत लुसिफ्रॉन नावाचा शत्रू सगळ्यांवर शाप टाकतो. शाप लागला की प्रत्येक मंत्राला दामदुप्पट शक्ती खर्च होते. तो उतरवायचा असतो जादूगारांनी. जो जादूगार मन लावून चाळीस जणांचे शाप उतरवत राहील, त्याला अग्नीचे गोळे फेकायला वेळ मिळणार नाही आणि त्याची निळी पट्टी तळाशी राहील. जो शापांकडे बघणारच नाही, त्याची पट्टी वर जाईल. चाळीस जण वाचले ते पहिल्यामुळे, कौतुक दुसऱ्याचं. मग माणसं मीटरसाठी खेळू लागतात: पायाखाली आग लागली तरी दोन वार जास्त मिळावेत म्हणून हलायचं नाही, आणि मग बरं करणाऱ्याने आपल्याला वाचवायचं.

अभ्यासक टी. एल. टेलर यांनी २००६ मध्येच याकडे बोट दाखवलं होतं: या अवजारांमुळे खेळाडूंची एकमेकांवर पाळत राहते आणि ती पाळत खेळाचा नेहमीचा भाग बनते. त्याच सुमारास, २००५ च्या मेमध्ये, लीरॉय जेंकिन्सची चित्रफीत आली. गट लढाईचा बेत आखतोय, कोणीतरी गणित करून जगण्याची शक्यता ३२.३३ टक्के सांगतोय, आणि लीरॉय स्वतःचं नाव पुकारत एकटाच आत धावतो, सगळे मरतात. ती चित्रफीत मुद्दाम रचलेली होती. पण लाखोंनी ती पाहिली, कारण आकडेमोडीखाली दबलेल्या खेळाडूंना त्या धावण्यात आपलं मन दिसलं.

पत गेली, आकडा आला

डिसेंबर २००९ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 'डंजन फाइंडर' आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप एकत्र येतील, काम उरकून पांगतील. सोय मोठी होती. तासभर गट जमवत बसणं संपलं. पण ज्यांची पुन्हा गाठ पडणार नाही अशा लोकांमध्ये नावाला पत कुठून येणार? लबाडी केलेल्याला उद्या कोणी ओळखणार नव्हतं, आणि मदत केलेल्यालाही नाही.

पत जाते तिथे आकडा येऊन बसतो. त्याच काळात 'गिअरस्कोर' हे अ‍ॅडऑन पसरलं: अंगावरच्या सगळ्या वस्तूंची मिळून एक संख्या. मीटर निदान खेळ झाल्यावर बोलायचा. गिअरस्कोर खेळ सुरू व्हायच्या आधी, दारातच विचारला जाऊ लागला. चांगल्या वस्तू मोहिमेत मिळतात, आणि मोहिमेत जायला चांगल्या वस्तू हव्यात; नवख्याने सुरुवात करायची कुठून?

२०१३ मध्ये 'वॉरक्राफ्ट लॉग्ज' हे संकेतस्थळ आलं आणि हिशेब गटाच्या बाहेर गेला. लढाईची नोंद तिथे चढवली की त्याच शत्रूशी, त्याच प्रकारचं पात्र घेऊन लढलेल्या जगभरच्या लोकांत तुम्ही शेकडा कितव्या जागी आहात ते दिसतं. त्याला रंग आहेत. २५ च्या खाली करडा, मग हिरवा, निळा, जांभळा, ९५ पासून नारिंगी, ९९ ला गुलाबी, १०० ला सोनेरी. खालचे रंग खेळातूनच घेतले आहेत. टाकाऊ वस्तू करडी, दुर्मीळ निळी, अतिदुर्मीळ नारिंगी, असे खेळात वस्तूंचे रंग होते. ते माणसांना लागले. "तो करडा आहे" असं खेळाडू एकमेकांबद्दल बोलू लागले.

त्यानंतर 'रेडर आयओ' या संकेतस्थळाचा स्कोअर आला. गटात येऊ पाहणाऱ्याच्या नावाशेजारी तो आधीच लटकलेला असतो. २०२१ मध्ये वॉरक्राफ्टच्या ब्लिझार्ड कंपनीने तसाच गुणांक खेळातच घातला. २०२५ मध्ये ब्लिझार्डने जाहीर केलं, की 'मिडनाइट' या विस्तारात लढाई चालू असताना अ‍ॅडऑनना मिळणारी माहिती आटवली जाईल आणि डॅमेज मीटर मात्र खेळाचाच भाग असेल. खेळाडूंनी खिडकीतून आत आणलेली वस्तू अखेर घरमालकाने भिंतीवर टांगली.

न दाखवण्याची रीत

याच काळात दुसरीकडे वेगळी रीतही उभी राहिली. जपानच्या स्क्वेअर एनिक्सचा 'फायनल फँटसी चौदा' २०१३ मध्ये नव्याने आला. त्यात बाहेरची अवजारं वापरायला मनाई आहे, आणि निर्माते नाओकी योशिदा यांनी ती वारंवार बजावली आहे. मीटर तिथेही लोक गुपचूप वापरतात. पण ते आकडे दुसऱ्याच्या तोंडावर मारले तर कारवाई होऊ शकते. त्यातून एक संकेत तयार झाला: मोजायचं असेल तर स्वतःला मोज, दुसऱ्याला विचारल्याशिवाय सांगू नको. शिवाय मोहीम संपली की प्रत्येकाला दुसऱ्या एका अनोळखी खेळाडूला शाबासकी देता येते. एकच, म्हणून विचार करून द्यावी लागते. ज्याने सगळ्यांना सांभाळून घेतलं, त्याला ती मिळते.

आणखी काही कंपन्यांनी सौजन्यालाच मोजायचं ठरवलं. 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये २०११ पासून काही वर्षं खेळाडूंची पंचायत होती. तक्रार आलेल्या खेळांतलं संभाषण वाचून खेळाडूच दोष आहे की नाही यावर मत द्यायचे. २०१२ मध्ये तिथे चांगल्या वागणुकीला मान द्यायची सोय आली, २०१८ मध्ये 'ओव्हरवॉच'मध्येही. हेतू चांगला होता आणि थोडा फरक पडलाही. पण सौजन्याचाही गुणांक झाला की तो मिळवण्यापुरतं सौजन्य दाखवलं जातं, हा धोका उरतोच.

आपल्याकडे ही सगळी परंपरा मधल्या पायऱ्या न दिसता एकदम मोबाइलवर उतरली. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला, २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने तो परतला. चौकाचौकांत, होस्टेलांत, एसटी स्टँडच्या बाकांवर मुलांनी तो खेळला. त्यांनी हजेरीची वही पाहिली नाही, नंबर लावून जागा मिळण्याचे दिवस पाहिले नाहीत. त्यांच्या हाती आलं ते शेवटचं टोक, केडी. केडी पडेल म्हणून घायाळ सोबत्याला उचलायला न जाणारा खेळाडू त्यातल्या प्रत्येकाने पाहिला आहे. लुसिफ्रॉनच्या शापांकडे न बघणाऱ्या जादूगाराचा तो धाकटा भाऊ.

मोजूच नये असं मी म्हणणार नाही. थॉटने मोजलं नसतं तर दुबळ्यांच्या वाट्याला काहीच आलं नसतं. माझं म्हणणं इतकंच, की हिशेब कोणाच्या बाजूने मांडला आहे हे आधी पाहावं. आकडा स्वतःसमोर धरला तर तो शिकवतो. सोबत्याने मागितल्यावर दाखवला तर मदत करतो. दारात अडवायला वापरला तर जो अजून आलाच नाही त्याचं मोल शून्य ठरवतो.

हे सगळं मी भाच्याला माझ्या परीने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि जरा वेळाने म्हणाला, "मामा, आमच्या स्क्वाडमधल्या त्या खालच्या मजल्यावरच्या मुलाची केडी एकसुद्धा नाही." मी विचारलं, मग त्याला कसा घेता? तो म्हणाला, "तो रोज येतो ना. आणि कोणी पडलं की धूर टाकून उचलायला तोच जातो."

वही त्याच्याकडे होतीच. पहिला रकानाही तोच होता.